रेघांमधली सारिका

साखर कारखान्यात उसाची पहिली मोळी पडली की आमच्या गच्चीवर पांढरे कपडे वाळत घालायचे दिवस संपतात. चिमणीतून उडालेली काळी राख वाऱ्याबरोबर येते आणि शर्टाच्या कॉलरवर, चादरीवर, पापडांवरच्या फडक्यावर, जिथे जागा मिळेल तिथे बसते. ती झटकायची असते, चोळायची नसते. श्रीरामपुरात राहायला आले तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं होतं. तरी दरवर्षी पहिल्या दिवशी मी विसरते आणि बोटाने पुसायला जाते. यंदाही गेले. चादरीवर एक लांब काळी रेघ उमटली. मी तिच्याकडे बघत उभी राहिले, आणि खाली रस्त्यावरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर मोठ्याने गाणं वाजवत गेला.

लोकांना हा हंगाम आवडतो. थंडी पडते, बाजारात पैसा खेळतो, लग्नं निघतात. मळीचा तो गोड-आंबूस वास काहींना इतका आवडतो की बाहेरगावी गेले तरी त्याची आठवण काढतात. मला मात्र तो वास नाकात शिरला की दिवसभर कशात मन लागत नाही. मला सारिका आठवते. ती मजेत आहे, श्रीगोंद्याला नांदते आहे, तिला काही झालेलं नाही. तरी मी तिची आठवण काढते ती एखादं माणूस गेल्यासारखी, आणि हे माझं मलाच विचित्र वाटतं.

माझा धंदा व्हिडिओ कापायचा. स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि मी. फोटोग्राफर लोक लग्नांचं शूटिंग आणून टाकतात आणि मी त्यातून रडणाऱ्या आया, जेवणाऱ्या पंगती आणि हत्तीवरून आल्यासारखे चेहरे केलेले नवरदेव वेचून काढते. हळदीच्या गाण्यावर नवरीच्या भोवती फुलं उडवून द्या, अशी मागणी हमखास असते. ती फुलं मी संगणकावर उडवते. कुणाला कळत नाही, कुणाला कळून घ्यायचंही नसतं. खऱ्या चित्रणावर हाताने काढलेलं चित्र बसवायचं हे काम मी शिकले ते नगरला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, आणि ज्या व्हिडिओत ते शिकले तसला व्हिडिओ पुन्हा कधी कुणासाठी केला नाही.

शेवटच्या वर्षी आम्हाला परीक्षेसाठी एक म्युझिक व्हिडिओ करायचा होता. गाणं अनिकेतचं. तो बेलापूरचा, घरचा ऊस, डोक्यात कायम चाली. गाण्यातली मुलगी पाटाच्या कडेने एकटी चालत गाव सोडून जाते, एवढीच गोष्ट. चालणारी मुलगी म्हणजे सारिका. कॅमेरा अनिकेतचा मामेभाऊ धरणार आणि कापणं-जोडणं माझ्याकडे. त्यात मी एक हौस घुसडली होती. आभाळातून पडणारी कारखान्याची राख जमिनीपर्यंत येता येता पाखरं होते, ही पाखरं मी हाताने काढणार होते. दहा-बारा पाखरं, तेवढंच. सर म्हणाले, "झेपेल तेवढंच काढ." मी म्हटलं, झेपेल.

सारिका तिसगावची. तिथे बाजार मोठा आणि पाणी कमी. बोलायची तशीच, गावाकडचं, आणि कुणी हसलं तर त्याच्याकडे इतकं शांत बघायची की हसणारा पुढच्या वेळी जपून हसायचा. नाटकाच्या स्पर्धेत मात्र ती रंगमंचावर आली की तिची भाषा, तिचे खांदे, तिचं वय, सगळं बदलायचं. तिला पुण्यात अभिनय शिकायचा होता. तिथल्या प्रवेशासाठी स्वतःच्या कामाची छोटी फिल्म पाठवावी लागत होती. "तू मला यातून दोन मिनिटांचं कापून द्यायचं, ज्योते," तिने मला आधीच बजावून ठेवलं होतं. "गानं त्याचं, पाखरं तुझी. मला माझं तोंड दिसलं म्हंजी झालं."

बेलापूरला शूटिंग करायचं हे तिनेच ठरवलं होतं. घरी तिने नुसतं प्रॅक्टिकल म्हणून सांगितलं होतं. गाण्यात काम करणं तिच्या घरात खपण्यासारखं नव्हतं आणि ते पुण्याला नाव लागल्यावर एकदमच सांगायचा तिचा बेत होता. जिल्ह्याच्या त्या टोकाला तिसगाव, या टोकाला बेलापूर. "तिकडं मला कोन वळखतंय," ती म्हणाली, आणि आम्हाला ते पटलं. आम्ही तिघंही याच जिल्ह्यात वाढलेलो. दिवाळीनंतर पाथर्डी-तिसगावाकडच्या गावांमधून माणसं बैलगाड्यांनी, ट्रकांनी उतरतात, पाचटाच्या कोपी घालून राहतात आणि ऊस तोडतात, हे आम्ही लहानपणापासून बघत होतो. पण जे रोज दिसतं ते हिशेबात धरायचं राहून जातं.

ते दिवस फार सुंदर होते, हे मी कबूल करते. उसाला तुरे आले होते. दुपारी तीननंतर ऊन तिरपं व्हायचं आणि सगळं शिवार पांढरं-चंदेरी दिसायचं. पाट भरून वाहत होता. सारिकाने एवढं पाणी शेताच्या कडेला असं मोकळं वाहताना पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती अर्धा तास पाय बुडवून बसली आणि अनिकेत ऊन जातंय म्हणून तिच्यावर खेकसत राहिला. मग ती उठली, ओढणी खोचली आणि चालायला लागली. मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघत होते. ती नुसती चालत होती. हात लोंबते, मान थोडी डावीकडे, आणि दर चार-पाच पावलांनी मागे वळून बघावंसं वाटतंय पण बघायचं नाही, असं काहीतरी खांद्यांत. अनिकेत खेकसायचा थांबला. त्याचा मामेभाऊ कॅमेरा बंद करायचं विसरून गेला. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला वाटलं, ही पुण्याला जाणार, मुंबईला जाणार, आणि आम्ही सांगत फिरणार की हिला आम्ही आधी पाहिलं.

बांधापलीकडच्या फडात ऊसतोड चालली होती. दुसऱ्या दिवशी तिथली एक बाई डोक्यावरची मोळी गाडीत टाकून आमच्याकडे आली. घामाने भिजलेली, कमरेला जुना शर्ट बांधलेला. सारिकाला न्याहाळत म्हणाली, "तू तिसगावची न्हवं? बाजारतळापाशी ऱ्हात्यात त्या अण्णांची पुतनी?"

"व्हय मावशी," सारिका म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. "तुमी कवा आल्या?"

"दिवाळी झाली आन् निघालो. ह्ये काय चाललंय?"

"कॉलेजचं हाय. गान्याचं शूटिंग."

"म्हंजी टीव्हीत येनार तू?"

"येनार," सारिका म्हणाली.

बाईने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि परत फडात गेली. संध्याकाळी तिने गावी फोन केला, आपल्या गावची पोरगी टीव्हीत येणार म्हणून. तिने कौतुकानेच केला. दोन दिवसांत ते तिसगावात सगळ्यांना कळलं. यात कुणाचं काय चुकलं हे मी इतकी वर्षं शोधते आहे, आणि त्या बाईवर राग काढावा असं मला अजूनही वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात सारिकाचे चुलते नगरला आले. ती त्यांना अण्णा म्हणायची. वडील होते, पण घरातलं मोठं काहीही अण्णाच ठरवत. मी मनाशी कुणीतरी मिशीवाला, आरडाओरडा करणारा माणूस धरून बसले होते. आले ते पांढरी टोपी, किडकिडीत अंग आणि हातात बोरांनी भरलेली पिशवी घेऊन. बोरं आमच्यासाठी होती. सरांसमोर ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि आवाज न चढवता बोलले.

"तुमी शिकिवता सर, तुमाला मी काय सांगावं. पर हिची सोयरीक जमत आलीय. पोरगा कंपनीत हाय, मान्सं लई चांगली हायेत. सध्या गावात चौकशी चाललीय त्यांची. अशात ही गान्यात हाय म्हनून कळलं तर आमी काय तोंड दाखिवायचं?"

"त्यात नाच वगैरे काही नाहीये, अण्णा," मी मध्येच बोलले. "ती फक्त चालते."

"चालती व्हय," ते म्हणाले. "पर ती चालती ते बघाया लोकं बसनार ना, बाळा?"

 खरंच, त्यासाठीच तर ती चालली होती. सारिका दारापाशी उभी होती आणि अण्णांच्या टोपीकडे बघत होती. सोयरीक जमते आहे हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, पाहुणे येतात तसे जातात.

दुसरी मुलगी घेऊन पुन्हा शूटिंग करावं, तर अनिकेतच्या फडावर ऊसतोडीची टोळी उतरली होती. आम्ही उभे होतो तिथे आता नुसती खोडकी आणि पाचट. पाण्याचं आवर्तनही संपलेलं, पाट कोरडा. परीक्षा तोंडावर. सर बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत बसले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाखरं काढतेस तशी ही मुलगीच काढली तर? तिच्यावरून रेघा मारायच्या. खाली खरा पाट, खरा ऊस, आणि त्यातून चालणारी मुलगी चित्रातली."

"म्हंजी कार्टून?" अण्णांनी विचारलं.

"तसंच काहीसं."

अण्णांनी विचार केला. खिडकीबाहेर बघितलं. "कार्टून चालंल," ते म्हणाले. "कार्टूनची चौकशी कोन करतंय?" आणि लगेच, तितक्याच सौम्यपणे, "पर खरं हाय ते माझ्यासमोर पुसायचं. मी यीन तवा."

सरांनी मान डोलावली. पोरांचं वर्ष वाया जाऊ नये एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

मग सुरू झाल्या त्या दुपारी. विभागातली कॉम्प्युटरची खोली उत्तरेकडची, थंड. खिडक्यांना जाड निळे पडदे. चित्रणाच्या एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. एक थांबवायचं, त्यावर पातळ कागद ठेवल्यासारखा एक कोरा थर चढवायचा आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर पेनाने सारिकाची कड गिरवायची. कपाळ, नाक, हनुवटी, वेणी, खांदा, कोपर. मग पुढचं. सगळी काढणं शक्य नव्हतं म्हणून मी एक सोडून एक काढत होते, तरी दिवसभर राबून हातात यायची ती तिची दोन-तीन पावलं. मनगट ठणकायचं. डोळे मिटले तरी रेघा दिसायच्या.

सारिका रोज यायची. कुणी तिला बोलावलं नव्हतं. शेजारची खुर्ची ओढून बसायची, शेंगदाणे सोलून माझ्या तोंडात घालायची आणि स्वतःकडे बघत राहायची. ज्या मुलीला घरात आरशासमोर दोन मिनिटं उभं राहिलं तर हाक यायची, तिला आता स्वतःचं एकेक पाऊल तुकडे करून बघायला मिळत होतं.

"माझा डावा पाय बाहीर पडतो," ती एकदा म्हणाली.

"थोडासा. छान दिसतं ते."

"मला माहितीच नव्हतं." थोड्या वेळाने, "आन् मी हात बी हलवीत न्हाई. कशी चालती मी, मुकाट, शाळंतनं हाकलल्यासारखी."

"तीच तर मजा आहे," मी म्हटलं. तिने मान हलवली नाही. दुसऱ्या दिवशी ती कॉरिडॉरमधून येताना मी पाहिलं, तिची नजर खाली स्वतःच्या डाव्या पायावर होती.

चेहऱ्याचा प्रश्न उरला. मी काढलेला पहिला चेहरा तिचाच झाला, कारण मला दुसरा येत नव्हता. तिने तो पाहिला आणि हसली. मग म्हणाली, "ह्यो तर मीच. अण्णा म्हनतील, फसवलं." हनुवटीवरचा तीळ काढला. तरी तीच. नाक लहान केलं. भुवया बारीक केल्या. ओठांची ती एका बाजूला किंचित वर गेलेली कड सरळ केली. प्रत्येक वेळी ती पडद्याजवळ वाकून बघायची आणि सांगायची, "अजून हाय." असं करत करत एका दुपारी ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "आता न्हाई." मी बघितलं. बदामी डोळे, सरळ नाक, कुणाचीच नसलेली हनुवटी. लग्नपत्रिकेवर असते तसली एक मुलगी. मी फाईल सेव्ह केली आणि आम्ही दोघी चहा प्यायला गेलो.

हाताने काढलेल्या रेघेत एक खोड असते. कितीही सांभाळून काढली तरी आधीच्या चित्रातली रेघ आणि नंतरच्या चित्रातली रेघ तंतोतंत जुळत नाही. केसभर इकडे, केसभर तिकडे. सगळी चित्रं भराभर चालवली की आकृती थरथरते. पाट स्थिर, तुरे वाऱ्याने डुलताहेत, आणि मधून ती मुलगी जाते तशी थंडी वाजत असल्यासारखी. मी सरांना विचारलं, हे कसं घालवू? ते म्हणाले, "घालवू नकोस, यालाच जिवंतपणा म्हणतात." मला ते तेव्हा फार मोठं वाटलं होतं.

काम संपलं त्या दिवशी अण्णा आले. या वेळी त्यांनी व्हिडिओ नीट बसून, चष्मा लावून, दोनदा बघितला. गाणं त्यांना आवडलं. पाखरं खूपच आवडली. "ही राखंची पाखरं झाली व्हय? लई भारी काम हाय," ते मला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खोटं काही नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आता ते मूळ दाखिवता?"

मी फोल्डर उघडलं. त्यात सारिका होती. पाटाच्या कडेला बसलेली, ओढणी खोचणारी, चालणारी, चुकून हसलेली, अनिकेतला वेडावून दाखवणारी. कॅमेऱ्याची कार्डं भाड्याची होती, केव्हाच परत गेली होती. विभागाची ती एकच हार्ड डिस्क. मी सगळं निवडलं. खाली प्रश्न आला, नक्की पुसायचं का? माझा हात माऊसवर होता आणि तो तिथेच राहिला. सर खिडकीकडे तोंड करून उभे. अनिकेत बाहेर निघून गेला होता.  मग माझ्या खांद्यावरून सारिकाचा हात पुढे आला आणि तिने कळ दाबली. कचऱ्याच्या डब्यात जाऊन तिथूनही तिनेच काढून टाकलं. तिला ते सगळं येत होतं, महिनाभर माझ्या शेजारी बसून शिकली होती.

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शानी हाय आमची पोरगी," ते म्हणाले.

हे आठवलं की मी त्यांच्यावर चिडायचा प्रयत्न करते. धड चिडता येत नाही, याचाच जास्त संताप येतो. ते वाईट असते तर किती बरं झालं असतं. त्यांनी कुणाला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, कॉलेज बंद केलं नाही. बोरं आणली.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. व्हिडिओ संपल्यावर ते म्हणाले, मुलीचा खरा चेहरा न दाखवण्याचा निर्णय फार धाडसी आहे, त्यामुळे ही एकच मुलगी न राहता प्रत्येक मुलगी होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सारिका तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. आम्हाला पहिला नंबर मिळाला. सरांनी पेढे आणले, आणि गटाचा फोटो काढताना सारिका बाजूला झाली. मी ओढायला गेले तर म्हणाली, "नगं, परत त्या पाव्हन्यांना वळखीचं दिसंल."

होळीच्या सुमारास ती सोयरीक मोडली. व्हिडिओमुळे नाही. त्या लोकांना जवळच्या गावची, नोकरीला लागलेली मुलगी मिळाली, एवढंच. गावात कुणालाही आश्चर्य वाटलं नाही, सोयरिका अशा मोडतात. सारिका मला भेटायला आली ती जवळजवळ पळतच. पुण्याच्या प्रवेशाची मुदत अजून होती. आता अण्णाही फारसे आडवे येत नव्हते. सोयरीक मोडल्यावर त्यांना पोरीकडे बघवत नव्हतं, आणि शिकायचं तर शिक, असं ते म्हणून बसले होते. फक्त दोन मिनिटांची फिल्म हवी होती. "तसंच परत करू," ती म्हणाली. "पाट नसला तर नसला. तू मोबाईल धर, मी चालती."

आम्ही कॉलेजच्या मागच्या मैदानावर गेलो. कडेला कडुलिंब, मागे कुंपणाची भिंत. ऊन चांगलं होतं. मी मोबाईल धरला आणि ती चालायला लागली. चार पावलं टाकून थांबली. "डावा पाय पडला का बाहीर?" मी म्हटलं, पडू दे. ती पुन्हा सुरुवातीपासून आली. आता पाय सरळ होता आणि हात हलत होते, ठरवून हलवल्यासारखे. मी म्हटलं, "तू काही विचार करू नकोस, नुसती चाल." ती हो म्हणाली आणि आणखीच अवघडली. दुपारभर ती त्या मैदानावर येत-जात राहिली. कधी मान ताठ, कधी खांदे पाडलेले. पाटाच्या कडेने तीन महिन्यांपूर्वी चाललेली ती मुलगी काही केल्या येईना. मी तिची एकेक कड गिरवून दाखवली होती, आणि आता तिला चालताना सगळ्या कडा दिसत होत्या. सावल्या कुंपणापर्यंत गेल्या तेव्हा ती खाली गवतावर बसली आणि म्हणाली, "मला चालता यीना गं."

मी तिला म्हटलं, बसून काहीतरी बोल, नाटकातला एखादा उतारा म्हण, तोच पाठवू. ती नाही म्हणाली. रडली नाही. कुसळं काढत बसली सलवारीची, एकेक, सगळी निघेपर्यंत. फिल्म गेली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तिचं लग्न श्रीगोंद्याकडे झालं. घर बागायती, माणसं चांगली. लग्नाचा व्हिडिओ भलत्याच कुणी केला, आणि त्यात तिच्याभोवती फुलं उडत होती.

आमचा व्हिडिओ अजून इंटरनेटवर आहे. अनिकेतने टाकला होता. कधीमधी कुणी बघतं. खाली कुणी लिहितं, पाखरं मस्त, कुणी लिहितं, ऊस बघून गाव आठवलं. मुलीबद्दल कुणी काही लिहीत नाही. मी तो वर्षातून एकदा बघते, याच दिवसांत. माझं काम म्हणून बघायला गेले तर कच्चं आहे, ठिकठिकाणी कड चुकलेली. पण ते मला बघवत नाही ते त्यासाठी नाही. त्या थरथरणाऱ्या आकृतीच्या आत कुठे सारिका संपते आणि कुठे मी सुरू होते, हे आता मलासुद्धा सांगता येत नाही. मूळ डोळ्यांसमोर आणायला जाते तर चित्रच पुढे येतं. तिचा तीळ नक्की डाव्या बाजूला होता की उजव्या, यावर परवा माझा अर्धा तास गेला.

आणि काल तिचा फोन आला. बऱ्याच महिन्यांनी. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, तिच्याकडेही तोडणी आली असणार. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या, मग म्हणाली, "ज्योते, एक इचारायचं हुतं. आपल्या त्या गान्यातला एखादा तुकडा आसंल का गं तुझ्याकडं? कसला बी. तोंड दिसंल आसा."

"का गं? काय झालं?"

"काय न्हाई. सासूबाई इचारत हुत्या, कॉलेजात काय काय केलं म्हनून. त्या लई चांगल्या हायत, त्यांना आवडतं आसलं. मी मोबाईलवर लावून दिलं. गानं सगळं आयकलं त्यांनी. मग म्हनल्या, ग्वाड हाय, पर यात तू कुठंय? मी म्हनलं, हीच की मी. तर हसाया लागल्या. म्हनल्या, आसं तर मीबी म्हनंन, ह्यी मीच हाय."

ती हसली. मीही हसल्यासारखं केलं. माझ्याकडे काही नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी तिने विचारलं होतं, आणि मला नाही म्हणावं लागलं. मग घाईघाईने मी म्हटलं, "मी येते ना श्रीगोंद्याला. कॅमेरा घेऊन येते. तुमच्या उसातच करू, निवांत. आता कोण अडवतंय?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता हाय की मी हितं, रोज बघत्यात मला. मला तवाची पायजे हुती."

 पलीकडे भांड्याचा आवाज झाला आणि कुणीतरी लहान मूल काहीतरी मागायला लागलं. सारिकाने फोन बाजूला धरून त्याला दटावलं आणि परत आली.

"पोरीला मातर तेच गानं लागतं बघ जेवताना," ती म्हणाली. "लावल्याबिगर घास घेत न्हाई. परवा मोबाईलवर बोट ठिवून इचारती, आई, ही कोन हाय?"

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगनार? म्हनलं, कुनी न्हाई बाळा. चित्र हाय ते. जेव."